गाडीला गौराबाई दिसत नव्हत्या

ब्रेक बबनदादांनी मारला. गाडीनं नाही.

कर्जतहून चौककडे येणारा रस्ता, सकाळचे साडेनऊ. मी मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. उभ्या टेंपोच्या आडून एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन एकदम रस्त्यावर आली. अशा वेळी माणसाच्या आधी गाडीनं बोंब मारायला हवी. तेवढ्यासाठीच तर ती बनवली आहे. पण ना बीप वाजला, ना लाल दिवा लागला. बबनदादांचा पाय खाली गेला, टायर करकरले, लॅपटॉप माझ्या हनुवटीवर आदळला. गाडी थांबली तेव्हा बाई आणि बंपर यांच्यात दोन हात अंतर होतं.

डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही. बाई अख्ख्याच्या अख्ख्या आमच्याकडे वळल्या.

"काय रं, डोळं घरी ठेवून आलास?"

बबनदादांनी हात जोडले. "चुकलं मावशी. ही गाडी आपोआप थांबनारी हाय."

"मंग थांबली का नाय?"

"ती नाय थांबली. मी थांबवली."

"मंग तिला कशाला मिरवतोस? तूच धाव की रस्त्यानं!"

टेंपोवाला खो खो हसला. मी मात्र स्क्रीनकडे बघत होते. आमच्या स्क्रीनवर गाडीचा कॅमेरा जे ओळखतो त्याभोवती हिरवी चौकट येते. टेंपोभोवती चौकट होती. टेंपोवाल्याभोवती होती. पलीकडे बसलेल्या कुत्र्याभोवतीसुद्धा होती. रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या, आम्हाला शिव्या घालणाऱ्या बाईभोवती काहीच नव्हतं.

मी टेस्ट इंजिनिअर आहे. गाड्या बनवत नाही, तपासते. खालापूरजवळ एका बंद कारखान्याच्या आवारात सिमेंटचा लांब सरळ रस्ता आहे. तोच आमचा ट्रॅक. नव्या गाड्यांमध्ये धडक होण्याआधी इशारा देणारी आणि वेळ पडल्यास स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती खरंच चालते का, हे आम्ही बघतो आणि रिपोर्टवर सही करतो. बबनदादा आमचे टेस्ट ड्रायव्हर. चौकच्या गॅरेजमध्ये वाढलेला माणूस. इंजिनचा आवाज ऐकून ते गाडीचा आजार सांगतात.

यंत्रणा समजायला सोपी आहे. काचेमागे एक कॅमेरा असतो. तो सांगतो, समोर काय आहे. बंपरमागे रडार असतं. ते सांगतं, ते किती लांब आहे. दोघांचं एकमत झालं तरच ब्रेक लागतो. एकमत कशाला हवं? कारण उगाच लागणारा ब्रेकही जीव घेतो. वाऱ्यानं उडालेल्या पिशवीला घाबरून गाडी हायवेवर थांबली, तर मागचा ट्रक आत येतो. म्हणून गाडीला घाबरायचं कधी आणि नाही कधी, हे लाखो फोटो दाखवून शिकवलेलं असतं.

आदल्याच आठवड्यात याच गाडीनं आम्हाला हसवलं होतं. रस्त्याकडेला एका पुढाऱ्याचा वाढदिवसाचा कटआउट उभा होता, हात जोडलेला, पुरुषभर उंच. गाडीनं जोरात बीप दिला. स्क्रीनवर ठसठशीत हिरवी चौकट. कॅमेऱ्याच्या मते तो माणूस होता. रडारला पुठ्ठ्यात काही सापडलं नाही म्हणून ब्रेक लागला नाही, एवढंच. तेव्हा मी हसले होते. आता हसू येईना. पुठ्ठ्याचा पुढारी माणूस, आणि मोळीखालची बाई कोणीच नाही?

ट्रॅकवर पोचले ती थेट सामंत सरांच्या केबिनमध्ये. ते आमचे हेड. तीस वर्षं गाड्या ठोकण्यात गेलेला शांत माणूस.

"सर, मी सही करणार नाही."

"बस आधी. हनुवटीला काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी फाईल उघडली. "पादचारी टेस्ट. मोठा माणूस, पास. लहान मूल, पास. सायकल, पास. प्रोटोकॉलमध्ये मोळी कुठे आहे?"

"प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांच्या देशात बायका मोळ्या वाहत नाहीत, सर. पण गाडी इथं विकणार आहेत ना?"

"शुक्रवारी क्लायंटला रिपोर्ट द्यायचाय."

"मग शुक्रवारी लिहून द्या की, कर्जत-खालापूरच्या बायकांनी शुक्रवारनंतर रस्ता ओलांडू नये."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "आजचा दिवस दिला. सिद्ध कर."

आमच्याकडे धडकेसाठी एक फोमचा डमी आहे. नाव बंड्या. तो एका चपट्या ट्रॉलीवर उभा राहतो आणि पट्ट्यानं ओढला की रस्ता ओलांडतो. आम्ही बंड्याला साडी नेसवली. आवारातल्या काटक्या गोळा केल्या, चार-चार फुटांच्या तोडल्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या आणि बंड्याच्या डोक्यावर बसवल्या. बबनदादांनी हेल्मेट घातलं, चाळीसचा वेग धरला.

गाडी झकास थांबली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

"पास," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तेच जास्त लागलं.

मी बंड्याकडे बघत राहिले. काहीतरी चुकत होतं. सकाळची बाई अशी दिसत नव्हती. कशी दिसत होती? मला सांगता येईना. मी कर्जत स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. आजीनं आयुष्यभर मोळ्या वाहिल्या, पण मी जन्मात एक काटकी डोक्यावर घेतली नव्हती. सकाळपासून ज्यांच्या बाजूनं भांडत होते, त्यांची मोळी मला बांधता येत नव्हती.

"बबनदादा, गाडी काढा. आपली साधी."

सकाळच्या जागी टेंपो अजून उभा होता. टेंपोवाल्यानं वाडीचा पत्ता सांगितला. मावशींचं नाव गौराबाई निघालं. अंगणात मोळी सोडून बसल्या होत्या. आम्हाला बघून शेजारणीला म्हणाल्या, "तारे, ये गं, सकाळचा आंधळा आला बग."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तुमच्या गाडीला मी दिसत नाय, आनि ते तुला दुसऱ्याला दाखवायचंय?"

"हो."

"चल. तारे, तू पन चल. बगू तरी, कसली महारानी हाय ती."

ट्रॅकवर आल्याबरोबर त्यांना बंड्या दिसला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसायला लागल्या.

"ही मोळी हाय का केरसुनी?" गौराबाई म्हणाल्या. "आनि साडी कोनी नेसवली? पोरी, ह्यो बाई असंल तर मी तहसीलदार."

मग दोघींनी काम हातात घेतलं. साडी सोडून पुन्हा नेसवली, गुडघ्याच्या वर खोचून. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली. कुंपणाजवळ वाळकी कारवी होती. हलकी, सरळ, माणसापेक्षा लांब. "जड लाकूड नको, तुमची काच फुटंल," ताराबाईंनी आधीच बजावलं. कारवी वेलानं बांधली. आम्ही मोळी टोपीसारखी डोक्यावर ठेवली होती. त्यांनी ती पुढे-मागे लांब ठेवली, पुढचं तोंड खाली झुकवून. कपाळ झाकलं, अर्धा चेहरा झाकला. एक हात वर मोळीला, दुसऱ्याचं कोपर बाहेर.

मी लांब जाऊन बघितलं आणि सकाळ आठवली. बाजूनं बघता माणसाची आकृती उरलीच नव्हती. आडव्या ओंडक्याखाली दोन पाय चालत होते. कॅमेऱ्याला शिकवलेल्या लाखो फोटोंत हे बसतच नव्हतं.

"आनि ह्यो असा रांगत काय जातो?" गौराबाईंनी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "वजन असलं की बाई थांबत नाय. सुटते. झरझर."

ट्रॉलीचा वेग वाढवला. सामंत सर केबिनमधून बाहेर आले. बबनदादांनी चाळीस धरला.

बीप नाही. दिवा नाही. ब्रेक नाही.

बंड्या उडाला. कारवी आभाळात पसरली आणि खाली आली. ठरलेल्या खुणेपाशी गाडी बबनदादांनी थांबवली. ताराबाई टाळ्या पिटत हसल्या. "गेला गं बंड्या!" मग त्यांचं लक्ष गौराबाईंकडे गेलं आणि टाळ्या थांबल्या.

गौराबाई रस्त्यावर पडलेल्या साडीकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "ती मी व्हते ना गं?"

सामंत सरांनी स्वतः जाऊन साडी उचलली, झटकली आणि घडी करून त्यांच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "अजून दोनदा कर. तीन फेल लागतात. आणि रिपोर्ट लिही."

तीन फेल मिळाले. दोन तासांत मी रिपोर्ट लिहून नेला. सरांनी पहिलं पान वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"'ज्या यंत्राला कष्टकरी स्त्री दिसत नाही ते यंत्र आंधळं नसून मुजोर आहे.' हा रिपोर्ट आहे की पत्रक?"

आमच्या घरी अक्षरओळखच चळवळीच्या पत्रकांवर झाली. वडील सुट्टीच्या दिवशी ती वाटायचे, उरलेली मी वाचायची. सवय जात नाही.

"खोटं आहे का, सर?"

"खरं आहे. म्हणूनच विशेषणं काढ. आकडे आणि फोटो ठेव. विशेषण असलं की क्लायंट विशेषणावर भांडतो. आकडा असला की त्याला झोप लागत नाही."

मी विशेषणं काढली. एक काढताना जीव तुटला, पण काढली. सरांनी सगळ्यात आधी स्वतःची सही केली, मग माझी घेतली. एक ओळ मात्र मी हट्टानं ठेवली. 'डमीची रचना' या रकान्यात लिहिलं : गौराबाई आणि ताराबाई, तज्ज्ञ.

शुक्रवारी क्लायंटचे, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचे, तिघे जण रागानं आले. व्हिडिओ बघून त्यांचा राग उतरला. त्यांच्यातली एक तरुण इंजिनिअर म्हणाली, "आमच्याकडे असे फोटोच नाहीत." सर म्हणाले, "आमच्याकडे बायका आहेत."

मग ट्रॅकवर जी मजा सुरू झाली ती पुढचे काही आठवडे टिकली. गाडी उभी, चावी माझ्या खिशात, फक्त कॅमेरा चालू. समोरून वाडीच्या बायका जायच्या. मोळी, गवताचा भारा, हंड्यावर हंडा, शेणाची पाटी. गौराबाईंनी पावसाळ्यातलं इरलं आणलं, कारण ते पांघरून वाकलेली बाई कासवासारखी दिसते. ताराबाई एके दिवशी डोक्यावर खाट घेऊन आल्या.

"खाट कोण नेतं असं?" मी विचारलं.

"का? पुतन्याचं लगीन हाय. टेंपोवाला येत नाय वाडीत वर."

खाटही घेतली.

नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळी वाडी टेस्ट बघायला जमली. बंड्याला गौराबाईंनी स्वतः सजवलं. बबनदादांनी चाळीस धरला. बीप वाजला, नाक खाली दाबून गाडी थांबली. बंड्याच्या साडीपासून एक वीत. असा जल्लोष झाला की मला रीडिंग घ्यायचं सुचेना. एका म्हातारीनं गाडीवरून बोटं मोडली.

सकाळी सहा वेळा थांबली. संध्याकाळी मावळतीचं ऊन कॅमेऱ्यात घुसलं आणि सातव्यांदा बीप उशिरा वाजला, ब्रेक अपुरा पडला. बंड्या आडवा झाला. जल्लोष जरा ओसरला. मी तेही रिपोर्टात लिहिलं. या वेळी विशेषण सुचलंसुद्धा नाही.

"म्हंजे आता मी बिनघोर रस्ता वलांडू?" गौराबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. सूर्य समोर असला की तिला अजून नीट दिसत नाही."

"मलाबी नाय दिसत," त्या म्हणाल्या. "त्यात तिचा काय दोष? शिकंल हळूहळू."

त्यांनी पसरलेली कारवी गोळा केली, वेलानं बांधली, चुंबळ ठेवली आणि मोळी उचलून निघाल्या. "वाया कशाला घालवायची? पानी तापंल."

फाटकाशी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. बबनदादा स्टिअरिंगवर, मी बाजूच्या सीटवर. गौराबाई समोरून झरझर गेल्या. स्क्रीनवर त्यांच्याभोवती हिरवी चौकट आली आणि पार पलीकडे जाईपर्यंत त्यांच्याबरोबर चालत राहिली. मी बबनदादांना दाखवायला वळले. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते गौराबाईंकडे बघत होते, आणि त्यांचा पाय ब्रेकवर होता.

गाडी कितीही शिकलेली घ्या. पाय तिथंच ठेवा.