दोन बारवर अडलेला महादेवभाऊ

डेपोत लाकडांच्या थप्प्या लागायच्या, तशा आमच्याकडे किश्श्यांच्याही लागायच्या. फरक एवढाच की लाकूड लिलावात उचललं जायचं, किस्सा मात्र कुणी नेत नसे! तो तिथंच पडून राहायचा आणि त्याच्यावर दुसरा येऊन पडायचा. त्यातले निम्मे एकट्या महादेवभाऊच्या धडधडीचे. आता बसलाच आहात, चहाही टाकलाय, तर ऐकाच.

गोष्ट पन्नास सालानंतरची. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे आणि आपली राजधानी नागपूर होती. बल्लारपूरच्या अलीकडे आमचा जंगलखात्याचा डेपो, रानातला सागवान तिथं येऊन पडायचा. मी टेप धरणारा, लठ्ठ्यांची म्हणजे ओंडक्यांची लांबी-गोलाई मोजणारा. महादेवभाऊ लिलाव पुकारणारा. काय आवाज होता राजेहो! "एक बार!" म्हटलं की झाडावरची माकडं खाली बघायची. "दोन बार!" म्हटलं की व्यापाऱ्यांचा विडा तोंडाजवळ थांबायचा. "तीन बार!" झालं की विकल्याच्या छापाचा हातोडा लठ्ठ्याच्या तोंडावर, ठप्प!

त्या आवाजावर त्याचं घर चालायचं. पण घरापेक्षाही त्याचा जीव त्या पुकाऱ्यात होता. बाजारात वांगी घेतानासुद्धा हा "दोन बार!" म्हणायचा.

*

पहिला झटका आला तो सकाळी, भर मापाच्या वेळी. महादेवभाऊनं कपबशी खाली ठेवली, छाती दाबली आणि म्हणाला, "चाललो गा मी! गिरजीले सांगा!"

गिरजी म्हणजे त्याची बायको, आमची गिरजावहिनी. तिला दिवस गेलेले. आमची तर तंतरली! घाम पाझरतोय, हात गारठलेले, बोटांना मुंग्या, ओठ सुकलेले. "श्वासच आत जाऊन नाई राह्यला" म्हणत होता आणि घेत होता लोहाराच्या भात्यागत. चौघांनी बाज उचलली आणि दवाखान्याकडे पळालो. वाटेत एक शहाणा म्हणाला, "राम म्हण गा भाऊ, राम म्हण!" झालं, बिचाऱ्याची धडधड दुप्पट झाली.

डॉक्टरांनी नळी लावली, नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाले, "छाती ठणठणीत आहे. हा भीतीचा झटका. चोर नसताना कुत्रं भुंकतं ना, तसं. त्रास खरा आहे, पण यानं कुणी मरत नाही."

महादेवभाऊ बाजेवर ताडकन उठून बसला. "कोणीच मरत नाई, तं मंग मघापासून मरून कोण राह्यलं जी?"

आम्ही हसलो, डॉक्टरही हसले. तो मात्र हसला नाही. ते त्यानं अगदी मनापासून विचारलं होतं, आणि मला त्याची फार दया आली.

*

डॉक्टरांनी मिक्श्चर दिलं. ब्रोमाईडचं. तेव्हाची ती बाटली आठवते ना? कागदाची कात्री मारलेली पट्टी चिकटवलेली, एका वेळी एक खूण प्यायची. चव खारट-कडू.

आता आमच्या डेपोत एकाला औषध मिळालं की सगळ्यांना तोच आजार होतो! गाडीवान म्हणाला, "मलेबी धडधडते." चौकीदार म्हणाला, "माह्यी तं लहानपणापासून धडधडून राह्यली." मी आपली गुपचूप एक खूण प्यायलो. नुसतं बघावं म्हणून हो!

जाग आली तेव्हा मी थप्पीशेजारी आडवा आणि समोर रेंजरसाहेब उभे. साहेब नागपूरचे, कडक इस्त्रीवाले. त्यांनी माझ्याच टेपनं माझी लांबी मोजून शर्टावर खडूनं लिहिली होती. खाली शेरा होता, 'लाकूड पोकळ'.

महादेवभाऊ त्या दिवशी पोटभर हसला. झटके सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

*

आणि हा भित्रा होता म्हणता? छे हो!

भर दुपारी आम्ही दोघं गोंडपिपरीच्या रस्त्यानं सायकलीनं येत होतो. वळणावर पाहतो तर रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला! मी सायकल वळवायला लागलो. महादेवभाऊ शांतपणे उतरला, सायकल धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "पाठ नको दावू गा. त्याले उठायचं तवा उठीन." बराच वेळ आम्ही तसेच उभे. शेवटी वाघ उठला, आळस दिला आणि बांबूत शिरला. हा परत सायकलीवर बसून मला विचारतो, "घरी वरण आहे का आंबील?"

त्याच आठवड्यात घरी पाटावर बसून वरणभात खाताना त्याला झटका आला. ताट सरकवून अंगणात येरझारा घालायला लागला. गिरजावहिनी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अरे, वाघापुढं तुला काही झालं नाही, आणि वरणभाताला घाबरतोस?"

धापा टाकत म्हणाला, "वाघ दिसते ना बाप्पा! याचं तं शेपूटबी नाई दिसत!"



*

मग व्हायचं ते झालं. भर लिलावात, व्यापारी जमलेले, रेंजरसाहेब खुर्चीवर, आणि महादेवभाऊ "एक बार" म्हणून पळाला! थेट नाल्यापलीकडे. लिलाव मीच कसाबसा उरकला. माझा आवाज म्हणजे... जाऊ द्या.

साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण वरून त्यांनाही जाब विचारला गेला होता. म्हणाले, "भाऊ, पुन्हा एकदा पळालात तर पुकारा दुसऱ्याला देईन आणि तुम्हाला सिरोंचाच्या पुढच्या नाक्यावर पाठवीन. माझा इलाज नाही."

सिरोंचाच्या पुढं! पावसाळ्यात नद्या चढल्या की तिकडून माणूस यायचा नाही की निरोप. गिरजावहिनी पोटुशी. आणि पुकारा गेला तर महादेवभाऊत उरणार काय? नाक्यावर पुकारायचं कुणापुढं? 

दुसऱ्या दिवशी मला तो थप्पीपुढं उकिडवा बसलेला दिसला. चेहरा पांढरा, कपाळावर घाम आणि बोट लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर. सागवानाला दर वर्षाची एक कडी असते ना, त्या कड्या हा मधल्या ठिपक्यापासून बाहेर मोजत होता. एक कडी, एक श्वास. घाई केली की कडी चुकायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून!

तेवढ्यात साहेब आले. "काय चाललंय भाऊ?"

"वय मोजून राह्यलो जी."

"कुणाचं?"

"ज्याचं दिसून राह्यलं त्याचं!"

सालीपर्यंत पोचला तेव्हा ओठांवर रंग आला होता. माझा हात धरून ओरडला, "गेलं गा! मी नाई पळालो, तेच गेलं!" त्या आनंदात आम्ही दोघांनी चौकीदाराच्या डब्यातला गूळ संपवला. तेव्हापासून त्याच्या खिशात फांदीची एक चकती असायची. लग्नाच्या पंगतीत तो ती काढून मोजत बसला की वधूपक्षाला वाटायचं, पाहुणा मांडवाचं लाकूड तपासतोय!

*

पुढच्या लिलावाला मी देव पाण्यात घालून बसलो होतो. पहिले लॉट नीट गेले. मग आला मोठा लॉट, सरळसोट, डाग नाही की गाठ नाही. लालजीशेठनं बोली लावली. हा लालजीशेठ सगळ्यांत बडा व्यापारी. पांढरी टोपी, आडवं अंग, आणि महादेवभाऊला चिडवण्यात पुढं.

"एक बार! दोन बार..."

आणि आवाज बंद! श्वासच अडकला. महादेवभाऊ नजर लठ्ठ्याच्या तोंडावर लावून उभा. मनात कड्या मोजत होता, हे फक्त मला माहीत. व्यापाऱ्यांना वाटलं, याला मागून कुणाची तरी खूण दिसली! वर्ध्याच्या व्यापाऱ्यानं घाईघाईनं बोली वाढवली. महादेवभाऊ गप्पच. लालजीशेठनं आणखी वाढवली. हा तरी गप्प! वर्धेवाला उठून उभा राहिला आणि पुन्हा वाढवली. शेवटी महादेवभाऊचा श्वास सुटला, "तीन बार!" आणि हातोडा ठप्प!

असा भाव आमच्या डेपोनं कधी पाहिला नव्हता. साहेबांनी चहा मागवला. वर प्रेमानं म्हणतात, "भाऊ, ते तुमचं धडधडणं... पुढच्या लिलावालाही येईल ना?"

*

पण डॉक्टरांना भाव-बिवाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मिक्श्चर बंद करून गोळी सुरू केली. पांढरी, चिमुकली, नाव मात्र फेनोबार्बिटोन! महादेवभाऊ तिला 'फेनाबाई' म्हणायचा. रोज अर्धीच घ्यायची, आणि मनानं बंद करायची नाही, अशी ताकीद.

फेनाबाई घरी आली आणि महादेवभाऊचा झाला गौतम बुद्ध. जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. गिरजावहिनीनं डॉक्टरांच्या घरी पोहे पाठवले. आणि लिलावात? "एकबारदोनबारतीनबार" ठप्प! व्यापारी तोंड उघडेपर्यंत माल विकलेला! साहेब खुर्चीत कपाळ धरून बसले. व्यापारी खूश. आल्या आल्या मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "आज भाऊनं गोळी घेतली ना?"

इकडून साहेब, "भाऊ, लिलावाच्या दिवशी नाही घेतली तर नाही का चालत?" तिकडून व्यापारी, "भाऊ, तब्येतीची हेळसांड नको!" मधे महादेवभाऊ. म्हणाला, "माह्या धडधडीचाच लिलाव लावला गा लोकाईनं!"

अशात दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या. चांद्याहून यायला वेळ होता. महादेवभाऊचा चेहरा उतरला. तर दुसऱ्याच दिवशी लालजीशेठ आपल्या गाडीतून उतरला आणि कुणाकडे न बघता एक शिशी त्याच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी पाहिली, तीच गोळी.

आख्खा डेपो हसला. स्वस्तात माल मारायचा म्हणून शेठ औषध पुरवतोय! मीही हसलो. फक्त गिरजावहिनी शिशी उन्हात धरून म्हणाली, "भाऊजी, पण हे शिशी अर्धीच भरलेली काऊन आहे?"

कंजूष असेल, मी म्हटलं.

*

त्यानंतरचा लिलाव वर्षातला सगळ्यांत मोठा. वरचे साहेब यायचे होते. रेंजरसाहेबांनी सकाळीच मला सांगितलं, "आज पळाला तर माझ्या हातात काही नाही." महादेवभाऊ अर्धी गोळी घेऊन, चकती खिशात टाकून आला. गिरजावहिनी दिवस भरत आलेले असतानाही फाटकापाशी येऊन उभी राहिली.

शेवटचा लॉट निघाला, पहिल्या प्रतीचा. लालजीशेठची बोली सर्वांत वर.

"एक बार!" माकडं खाली बघायला लागली. "दोन बार!"

आणि आवाज थांबला.  पाहतो तर महादेवभाऊ ठीक होता. तो समोर बघत होता. लालजीशेठ छाती दाबून खाली बसला होता! टोपी पडलेली, चेहरा घामानं भिजलेला, बोटं वाकडी झालेली. एकच गोंधळ उडाला. "हार्ट! हार्ट!" "गाडी काढा!" तो जुना शहाणा पुढं सरसावला, "राम म्हणा शेठ..."

महादेवभाऊनं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. वरचे साहेब बघत असताना पुकारा सोडून खाली उतरला आणि शेठच्या शेजारी मातीत बसला. एकाला डॉक्टरांकडे पिटाळलं. मग शेठचा हात हातात घेतला.

"मुंग्या येऊन राह्यल्या?"

शेठनं मान हलवली.

"श्वास आत जाऊन नाई राह्यला?"

पुन्हा मान.

"पह्यल्यांदाच आलं का जी हे?"

शेठनं डोळे मिटले. जमलेल्या सगळ्यांसमोर तो मोठा माणूस अडखळत म्हणाला, "तुले देल्ली ना शिशी... थे माह्यीच होती. उरल्या गोळ्यातल्या थोड्या तरी ठेवून घ्याले पाहिजे होत्या!"

कुणी हसलं नाही. रेंजरसाहेबांनी टोपी काढली. फाटकापाशी गिरजावहिनीनं पदर तोंडाला लावला.

महादेवभाऊ म्हणाला, "मरत नाई शेठ. मी किती खेपा मेलो, मले विचारा." त्यानं शेठचं बोट धरून समोरच्या लठ्ठ्याच्या तोंडावर, अगदी मधल्या ठिपक्यावर टेकवलं. "एक कडी, एक श्वास. घाई नाई करायची."

 दोघं मातीत बसून कड्या मोजताहेत. शेठचे ओठ हलताहेत, खांदे हळूहळू खाली येताहेत. लिलाव दोन बारवर अडलेला.

तेवढ्यात वर्धेवाल्यानं त्या शांततेचा फायदा घेतला. घसा खाकरून त्यानं बोली वाढवली!

लालजीशेठनं लठ्ठ्यावरची नजर काढली नाही. उजव्या हाताचं बोट कडीवर तसंच ठेवून त्यानं डावा हात सावकाश वर केला आणि एक बोट दाखवलं. बोली वाढली!

महादेवभाऊ तिथूनच, मातीत बसल्या बसल्या, माकडं खाली बघतील अशा आवाजात ओरडला,

"शेठ, कडी चुकली! पह्यल्यापासून मोजा!"