बिनपगारी मामा

आमच्या मंठ्याच्या कचेरीत कुणाला शिंक आली, की तो आधी व्हरांड्यात पळायचा. कारण आस्थापनेच्या टेबलामागे बिनपगारी मामा बसलेले असायचे आणि शिंकणाऱ्याकडे आरोपीकडे पाहावं तसे पाहायचे. रजेची टिपणी त्यांच्या हातात. साहेबांनी नुसती सही ठोकायची.

डॉक्टरच्या दाखल्यावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. "दाखला आणायला अंगात ताकद लागती. खरा बिमार माणूस रांगेत कसा उभा राहील?" असं ते म्हणत. म्हणजे दाखला आणला तर तुम्ही धडधाकट, न आणला तर गैरहजर. इकडे आड, तिकडे विहीर! मग आजारपणाची रजा कापून मामा तिथं 'असाधारण रजा' लिहीत. नाव केवढं भारदस्त! सरकारात माणूस असाधारण झाला की त्याचा पगार बंद होतो, हे मला मामांनीच शिकवलं.

संशय आला की मामा पिशवीत मोसंबी घालून आजाऱ्याच्या घरी जात. लोकांना वाटे, काय मायेचा माणूस! आता आपल्याकडे दारात पाहुणा आला, की तापानं फणफणलेला माणूससुद्धा उठतो, 'या, बसा' म्हणतो, चहा टाकायला सांगतो. मामा निवांत चहा पीत आणि दुसऱ्या दिवशी टिपणीत लिहीत, 'स्वतः उठून स्वागत केले. सबब प्रकृती उत्तम.' मोसंबी मात्र गोड असायची, खोटं कशाला बोला.

जीपचे ड्रायव्हर रशीदभाई टायफॉइडनं पडले, तेव्हाही मामा गेले. रशीदभाई भिंत धरून उठले, घरातली एकुलती खुर्ची पुसून दिली, निघताना दारापर्यंत सोडायला आले. झालं! रजा बिनपगारी. घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालायचं, त्यामुळे बिचारे अंगात ताप घेऊनच जीपवर हजर झाले. मी चिडून विचारलं, उठलात कशाला? तर म्हणाले, "मेहमान दारात आल्ता. मंग काय पडून राहू?"

मला मामांचा असा संताप आला की कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण माणूस लबाड नव्हता हो. स्वतः तापात थरथरत कचेरीत बसायचे. माणसं आजारी पडत नाहीत, नुसते अर्ज करतात, असं त्यांना मनापासून वाटायचं.

मामा निवृत्त झाले. निवृत्त माणसाला कचेरीच्या जीपनं घरी पोचवायची आमची रीत. नेमका त्याच सकाळी रशीदभाईंचा किरकोळ रजेचा अर्ज आला. कारणापुढं लिहिलं होतं, 'मामांच्या निरोपाला यायचे नाही.' अर्ज पडला मामांच्याच टेबलावर. त्यांनी तो दोनदा वाचला. साहेब तणतणले, म्हणाले, हे काय कारण झालं, नामंजूर करा.

मामा खाली मान घालून म्हणाले, "कारण खरं हे साहेब. नामंजूर कसं करू?"

त्यांनी शिफारस लिहिली. संध्याकाळी गळ्यात हार, काखेत नारळ, अशा थाटात मामा एकटेच जालन्याच्या एसटीत चढले.