कादंबरीत असंच आहे

माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. भाजीवाल्यानं न मागता मूठभर कोथिंबीर जास्त घातली, की मी आधी टोमॅटो तपासते. सून फोनवर नेहमीपेक्षा गोड बोलली, की या दिवाळीत त्यांचं येणं रद्द झालं असं समजते. बहुतेक वेळा माझं खरं ठरतं, म्हणून तर ही खोड जात नाही.

त्यामुळे आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकात नवा दिग्दर्शक मूळ कादंबरीतले तपशील घालायला लागला, तेव्हा बाकीच्यांना कौतुक वाटलं आणि मला वास आला.

नाटक आमचं घरचंच. कारखान्यात नोकरीला लागलेल्या एका वैदर्भी माणसाची आई गावाहून त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला येते, तिचं तिथे काय जमतं आणि काय जमत नाही, एवढीच गोष्ट. एका जुन्या कादंबरीवरून मंडळातल्याच लोकांनी ते कधी काळी बेतलं, त्यात पदं घातली. अधूनमधून गणपतीत आम्ही ते करतो. म्हातारी आई मी. मुलगा नाइट शिफ्टला गेलेला, सून दवाखान्यात, आणि म्हातारी तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन गाते, ते पद माझं. मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण त्यावरून मला कोणी ओळखत नाही. सेक्टरच्या बाजारात बायका थांबवतात त्या या पदासाठी. आयुष्यात माझं स्वतःचं असं काही असेल तर ते एवढंच, असं मी म्हटलं तर नवऱ्याला राग येईल, पण ते खरं आहे.

मंडळाची एक रीत आहे. तालमीच्या पहिल्या दिवशी ज्याच्या हातात नारळ दिला, त्याची ती भूमिका. पुढच्या खेपेलाही त्याचीच. ती कोणी काढून घ्यायची नाही. ज्याची त्यानं आपल्या हातानं दुसऱ्याला नारळ द्यायचा, तेव्हाच सुटते. फार पूर्वी म्हणे नायिकेच्या कामावरून दोन साहेबांच्या बायका भांडल्या आणि नवऱ्यांनी कारखान्यात एकमेकांच्या फायली अडवून ठेवल्या. तेव्हापासून हे ठरलं. आमच्याकडे शेजारी, साहेब, हाताखालचा माणूस आणि होणारी विहीण असे सगळे एकाच तालमीत असतात. तोंडावर ‘नको’ म्हणायची सोयच नाही.

दिग्दर्शक म्हणजे कारखान्यातलाच एक तरुण इंजिनियर. इथेच जन्मलेला, आईवडील वर्ध्याकडचे. खाकी कव्हर घातलेली ती कादंबरी बगलेत मारून तो तालमीला यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, “आपल्या नाटकात पदं लय हायेत, पण घर नाई. घर कादंबरीत हाये.”

मग सुरू झालं. मुलगा ड्यूटीवरून आला की हेल्मेट तुळशीच्या कुंडीवर पालथं घालतो आणि म्हातारी रोज न बोलता ते काढून ठेवते. दोरीवरचं लुगडं झटकलं की कारखान्याची लाल धूळ उडते, आणि म्हातारी पुन्हा तेच लुगडं धुवायला नेते. भोंगा वाजला की ती हातातला घास ताटात ठेवते, कारण गावाकडे असा आवाज कधी चांगल्या कामासाठी झालेला नसतो. सुनेनं फोडणी घातली की ती उठून खिडकी लावते. मी विचारलं, खिडकी कशाला? तर तो म्हणाला, “घरात काय शिजलं ते शेजाऱ्याले कळू नये म्हणून. काकू, कादंबरीत असंच हाये.”

हे वाक्य म्हणजे त्याचा हुकमाचा एक्का. पुस्तक मात्र तो कधी उघडायचा नाही, नुसता कव्हरवर हात ठेवायचा. मी गणिताची बाई. उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखव म्हणणारी. मला ते खटकत राहिलं.

आणि एके दिवशी तो माझ्यासमोर उकिडवा बसला. नजर जमिनीकडे.

“काकू, या पदाचं असं हाये, की कादंबरीत म्हातारी गात नाई. तिचे फक्त ओठ हालतात. आवाज फुटतच नाई. मागून पेटी वाजते, हलकीच, आणि पोरगं झोपते.”

अशा वेळी तालमीत कोणी तरी ‘अरे वा’ म्हणतं, नाहीतर ‘अरेरे’ म्हणतं. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी हाताला काम शोधलं. पेटीवर माझी जुनी मैत्रीण बसली होती, ती पेटीच्या पट्ट्या पदरानं पुसत राहिली. सुनेचं काम करणारी मुलगी मोबाइलमध्ये बघत होती, आणि मोबाइल बंद होता. तेव्हाच मी समजले, की ही गोष्ट या खोलीत मला सोडून सगळ्यांना आधीपासून माहीत आहे.

माझा पहिला संशय त्या मुलीवर. ती खुर्सीपारची. वडील रेल्वेत. नेहरू नगरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते आणि अर्धं वाक्य मराठीत सुरू करून उरलेलं हिंदीत संपवते. गळा मात्र सणसणीत. मी मनाशी हिशेब मांडला: आधी माझं पद गप्प करायचं, मग पुढच्या अंकात कुठे तरी ते हिच्या तोंडी घालायचं, आणि वर म्हणायचं, कादंबरीत असंच आहे. मी तिच्यावर नजर ठेवली. एकदा हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ ती माझंच पद गुणगुणत होती. मला पाहिलं आणि एकदम थांबली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरी नवऱ्याला सांगितलं. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो घरातल्या कुठल्याच भांडणात पडत नाही. म्हणाला, “अवं, बसल्या बसल्या ओठ हालवायचे तर हालव ना. घसा तरी दुखणार नाई.”

“माह्या घशाचं तुमाले कोणी सांगितलं?” मी विचारलं. तो चष्मा पुसायला लागला. म्हणजे हाही सामील.

मी दिग्दर्शकाकडे सरळ पुस्तक मागितलं. म्हणाला, पानं सुटून राहिली, बाइंडिंगला द्यायचं हाये. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा मी वर्गात पुष्कळ पाहिली आहे. वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाचं दप्तर मी स्वतः उघडायचे. नागपूरच्या भाच्याला फोन केला. त्यानं जुन्या पुस्तकवाल्यांकडे हिंडून एक प्रत मिळवली आणि इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली.

दुपारचं जेवण आटोपून वाचायला बसले ते त्या पोराला उघडा पाडायचा म्हणूनच. पण हेल्मेट सापडलं. लाल धूळ सापडली. भोंगा, ताटात ठेवलेला घास, फोडणीच्या वेळची खिडकी, सगळं जिथल्या तिथे, त्यानं सांगितलं तसंच. खरं सांगते, वाईट वाटलं. संशय चुकला की मला गिरणीतून दळण कमी आल्यासारखं वाटतं.

मग ते प्रकरण आलं. मुलगा नाइट शिफ्टला, सून दवाखान्यात, नातू तापलेला. आणि म्हातारी गाते. ओठ नुसते हालत नाहीत, ती चांगली मोकळ्या गळ्यानं गाते. शेजारचा एक कामगार शिफ्ट संपवून सायकल हातात धरून येतो, आणि पद संपेपर्यंत स्वतःच्या दारात तसाच उभा राहतो. घरात शिरत नाही. पुढची पानं चाळली, मागची चाळली. ओठ हालण्याबद्दल कुठे एक अक्षर नाही.

सापडला! मला इतका आनंद झाला की मी तशीच रिक्षा करून वैशाली नगरला गेले, माझ्या पेटीवाल्या मैत्रिणीकडे. असला आनंद एकट्यानं कसा भोगायचा? ती चहा ठेवत होती. मी पुस्तक ओट्यावर उघडून धरलं.

“हे पाय. पकडला का नाई?”

तिनं पानाकडे पाहिलंच नाही. “मले माहीत हाये,” ती म्हणाली.

“तुले माहीत होतं?”

“सगळ्यायलेच माहीत हाये.”

“मग कावून? कावून केलं त्यानं असं?”

तिनं गॅस बंद केला. चहा गाळला नाही. माझ्याकडे पाठ करूनच बोलली. “तुहा आवाज गेला. मागच्या गणपतीतच गेला. वर जाते तिथं फाटते. मी पट्टी उतरवून पायली, अजून उतरवून पायली. आता खाली जागाच नाई. तुले ते ऐकू येत नाई, तू आपला जुनाच आवाज ऐकून राहिली.” मग वळून म्हणाली, “तुह्याकडून नारळ कोण मागणार होतं? मी? त्या पोरानं माह्याच घरी बसून ते ओठायचं काढलं. म्हणे, काकूले कोणी काई सांगायचं नाई. कादंबरीच सांगन.”

मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं, नळ बंद केला आणि पद म्हणून पाहिलं. मला माझा आवाज चांगला वाटला. नेहमीसारखाच वाटला. त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नाही. बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं, “माहा आवाज कसा हाये? खरं सांगा.”

“तुहा? बरा हाये ना,” तो म्हणाला.

बरा! या माणसानं माझ्या उपम्यालासुद्धा कधी ‘बरा’ म्हटलेलं नाही. चांगला म्हणतो, नाहीतर मीठ मागतो.

मला संताप आला. आवाज गेल्याचा कमी, आणि सगळ्यांनी मिळून मला सांभाळून घेतल्याचा जास्त. कोथिंबिरीवर संशय घेणारी मी, आणि माझ्या पाठीमागे अख्खं मंडळ माझ्या गळ्याची दया करत होतं. स्वयंपाक करताना भांडी आपटली. भाजी करपली, तीच दोघांनी खाल्ली. आणि जेवताना मला सारखा तो सायकलवाला आठवत होता. पद नसतं तर तो कशासाठी थांबला असता? माझं मन राखायला निघालेल्या या लोकांनी नाटकातलं पदच मारून टाकलं होतं. माझ्या हातात नारळ होता तोवर ते दुसरं कोणी गाऊ शकत नव्हतं, आणि मी गायलेलं कोणाला ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेले ती पुस्तक उघडपणे हातात घेऊन. दिग्दर्शकानं कव्हर नसलेली ती प्रत पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. पेटीवाली माझ्याकडे बघत नव्हती.

“पुस्तकात म्हातारी गाते,” मी म्हणाले. “पान काढू का?”

“काकू, ते मी…”

“तुही चूक नाई. पण ती गाते, तर गायलंच पाहिजे.”

पिशवीतून नारळ काढला. वाटेत घेतला होता. तो त्या खुर्सीपारच्या मुलीच्या हातात ठेवला.

“काकू, मी? मले नाई जमणार, मैं तो बस ऐसे ही…” ती मागे सरकली.

“टाकीजवळ जमते ना? मग इथं जमवायचं. सुनेले काय, फोडणीच तर द्यायची हाये. ते कोणीही करन.”

ती बसली. मांडीवर नातवाची बाहुली घेतली. पेटी सुरू झाली, आणि मी इतकी वर्षं ज्या पट्टीत गात आले त्या पट्टीत ते पद मी पुन्हा ऐकलं. मला रडू येईल असं लोकांना वाटत असावं. मला रडू आलं नाही. मला हेवा वाटला, कडकडून वाटला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

दुसऱ्या कडव्यात वर जाताना तिचा सूर किंचित खाली बसला. पद संपलं आणि सगळे “वा, वा” म्हणाले. ते ‘वा’ मी ओळखलं. गेल्या गणपतीत मलाही तेच मिळालं होतं.

“दुसऱ्या कडव्यात वरचा सूर लागला नाई तुहा,” मी मोठ्यानं म्हणाले.

दिग्दर्शक म्हणाला, “काकू, पहिलाच दिवस हाये तिचा.”

“म्हणूनच सांगून राहिली.”

मुलीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही बाहुली टाकून जाणार. पण ती म्हणाली, “कुठं, काकू? म्हणून दाखवा ना.”

म्हणून दाखवायचं म्हणजे गायचं. मी पेटीवालीकडे पाहिलं, तिनं पट्टी धरली, आणि सगळ्यांच्या देखत मी ती ओळ म्हटली. वर जाताना आवाज फाटला असणार, कारण एकेकानं मान खाली घातली. ती मुलगी मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून, भुवया आवळून ऐकत राहिली. मी कुठे जायला निघाले होते ते तिला कळलं, आणि तिनं ती ओळ तिथपर्यंत नेली.