सात पट्ट्या, बारा तुकडे

भिंगारच्या विजयमालेच्या नशिबात बीजगणित कुणी लिहिलं, देव जाणे! नवऱ्याच्या माराला कंटाळून ती देवळाली प्रवरेहून माहेरी आली, तेव्हा वडिलांनी, अप्पांनी बजावलं, "मॅट्रिक झालीस तर शाळेत नोकरीला चिकटवतो. नापास झालीस तर सासर गाठायचं." अप्पा छावणीत कारकून, शब्दाचे पक्के. पोरीला धास्ती होती ती त्याचीच.

बाकी विषय जमायचे. पण 'अवयव पाडा' म्हटलं की हातपाय गार! क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा. सातचे दोन भाग असे करायचे, की त्यांचा गुणाकार बारा यावा. पण का? मास्तर म्हणायचे, "का विचारू नकोस, घोक."

आई अंगणात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती. विजयमालेने चिंध्या पुढे ओढल्या. मोठा चौकोन म्हणजे क्ष वर्ग, त्याच्या बाजूएवढ्या लांब पट्ट्या सात, बारके तुकडे बारा. सगळं जोडून सलग आयत व्हायला हवा. पाच पट्ट्या उजवीकडे, दोन खाली लावल्या. कोपऱ्यात दहाच तुकडे मावले. मग चार उजवीकडे, तीन खाली. कोपरा गच्च भरला! "आई गं, जमलं!" म्हणत ती रडायलाच लागली.

"रडतेस काय? टाके घाल," आई म्हणाली.

परीक्षेत आलं, क्ष वर्ग उणे क्ष उणे सहा. आता बोला! नसलेली चिंधी आणायची कुठून? गोधडीत सगळं जोडायचंच असतं. तिने मनात पुन्हा पुन्हा मांडलं; एक पट्टी, सहा तुकडे, जुळेचना. पुढची उदाहरणंही उण्याचीच निघाली. घंटा झाली तेव्हा पान कोरंच होतं.

निकाल लागला. आईने ती गोधडी बरोबर दिली, अप्पांनी मान वळवली, आणि टांगा स्टेशनाकडे निघाला.

सासरी पहिल्याच दुपारी सासूने खाटेवर गोधडी घालायला सांगितली. ती रुंदीला जास्त झाली, म्हणून विजयमालेने कड आत दुमडली. लांबीला अपुरी पडली, तिथे जुनं धडपं जोडलं. आणि तिचा हात थांबला. अगं बाई! एकीकडे तीन पट्ट्या आत, दुसरीकडे दोन जोड. एक पट्टी उणी, आणि जोडाचा जो कोपरा दुमडीत गेला ते सहा तुकडे उणे. क्ष उणे तीन, क्ष अधिक दोन! उणं म्हणजे दुमड, एवढंच होतं!

"जमलं!" ती ओरडली.

"काय गं, काय जमलं?" बाहेरून नवऱ्याने दरडावलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि उशी मांडू लागली.