वाचनालयाची सूचनावही

नाव न सांगता दुसऱ्याच्या तोंडाला काळं फासायची सोय मोबाइलने आणली, असं हल्ली जो तो म्हणतो. माझी नातही म्हणते. फोनवर कुणा मुलीच्या फोटोखाली लोकांनी ओकलेली घाण ती मला वाचून दाखवते आणि वर विचारते, "आबा, तुमच्या वेळी माणसं सभ्य होती ना?" मी चष्मा पुसत बसतो. आमच्याकडे मोबाइल नव्हता, सूचनावही होती.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात मी हायस्कूलला शिक्षक होतो आणि गावच्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं, एक लांब टेबल. टेबलाच्या टोकाला सुतळीने बांधलेली वही आणि पेन्सिल. वाचकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून सही करायची सक्ती नव्हती. ही माझीच कल्पना, आणि तिचा मला भारी अभिमान होता. सुरुवातीला लोक लिहीत, "पेपर उशिरा येतो," "मडक्यात पाणी नसते." खाली 'एक वाचक'.

मग त्या बाई यायला लागल्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. घरच्यांनी धम्म स्वीकारलेला, शिकलेली अशी घरात ही पहिलीच. सातवीच्या परीक्षेवर नोकरी लागली होती, तीही तात्पुरती. मार्चात बाहेरून मॅट्रिक झाल्या तरच ती टिकणार होती. बाकी विषयांची त्यांना भीती नव्हती, इंग्रजीची होती. गावात इंग्रजी-मराठी कोश एकच, तो आमच्या कपाटात, आणि तो घरी द्यायचा नाही असा नियम. म्हणून शाळा सुटली की त्या येत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत आणि शब्द उतरवून घेत. वाचनालयात बसणारी दुसरी बाई नव्हती.

पंधरा दिवसांत वहीत पहिली ओळ आली. "बाई कोशात काय शोधतात, नवरा?" मी ती वाचली आणि हसलो. हे सांगायची लाज वाटते, पण हसलो. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने त्याला उत्तर दिलं. बाई कोणासाठी नटून येतात, बसस्टँडवर कोणाशी बोलत होत्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून काहीजण डाव्या हाताने लिहीत. दिवाळीनंतर एक ओळ आली. "बाई उठल्या की खुर्चीवर पाणी टाकत चला."

त्या दिवशी मी हसलो नाही. माझं डोकं सणकलं. पण पान फाडलंही नाही. पानांवर आकडे घातलेले होते, तपासणीला वही दाखवावी लागे. नियम म्हणजे नियम. मी वही घेऊन कार्यकारिणीपुढे गेलो. वाटलं, वडीलधारी माणसं आहेत, कोणाचा तरी कान धरतील.

अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते, बोलायला मऊ. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. म्हणाले, "एवढ्या तक्रारी आल्या तं दखल घ्या लागते, सर. बाईले लेखी खुलासा मागा."

"खुलासा बाईंकडून?" मी विचारलं. "लिहिणाऱ्यांकडून नको का?"

"त्यायचं नाव कोठी हाय? आपण कोणाची बाजू घेऊन नाही राह्यलो. सभ्य भाषेत इचारा, बस." मग माझ्याकडे बघून, हसतच, "तुमाले काऊन एवढा पुळका येऊन राह्यला?"

बाकीचेही हसले. माझं लग्न तेव्हा ठरत होतं. उद्या त्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिलं जाईल, ते मला अक्षरासकट दिसलं. मी शेपूट घातली.

पत्र मात्र फार मन लावून लिहिलं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. "आपल्या उपस्थितीबाबत काही वाचकांच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. कृपया आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, ही नम्र विनंती." 'कृपया' घातल्यावर मला बरं वाटलं. कुठेही टोचणार नाही असं पत्र आपण लिहिलं, अशा समाधानात मी जेवलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. टेबलाभोवती पाच-सहाजण पेपर वाचत होते. बाईंनी कोश मागितला नाही. वही ओढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभ्यानेच वाचली. पेपर वाचणाऱ्यांपैकी एकाचंही पान उलटलं नाही. मग त्यांनी माझं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"सर, हे तुमी लिहिलं?"

"हो. कार्यकारिणीचा ठराव होता."

"मले वाटलं होतं, तुमी ते पानं फाडून टाकसान." आवाज चढला नव्हता. "त्यायले नावं नाहीत, तं त्यायले काय उत्तर देऊ? तुमचं नाव हाय, तुमालेच देतो."

त्यांनी माझं पत्र उलटं केलं आणि माझ्याच टाकाने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "मी वाचायला येत होते." खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि गेल्या.

पुढच्या बैठकीत तो कागद सगळ्यांच्या हातांतून फिरला. वहीतल्या चार महिन्यांच्या घाणीला ज्यांनी तक्रारी म्हटलं होतं, त्यांना ही एक ओळ उद्धट वाटली. खुलासा म्हणजे कसं, दोन शब्द नम्रतेचे हवेत, असं कोणीतरी म्हणालं. सभासदत्व तीन महिने स्थगित करायचं ठरलं. तीन महिने म्हणजे परीक्षा उलटून जाणार, हे मला माहीत होतं. मी ठराव लिहिला, वाचून दाखवला आणि सर्वानुमते म्हणून सही केली. एकदा वाटलं, कोश पिशवीत घालून त्यांच्या बिऱ्हाडी द्यावा. पण भर वस्तीतून, सगळ्यांच्या देखत पिशवी घेऊन जायचं माझ्याच्याने झालं नाही.

परीक्षेचं केंद्र मेहकरला होतं आणि मला तिथे देखरेखीला पाठवलं होतं. इंग्रजीच्या पेपराला बाई माझ्याच खोलीत होत्या. मी उत्तरपत्रिका दिली, त्यांनी ती वर न बघता घेतली. दीड तासानंतर त्या पेन बंद करून बसल्या. तीन तास पूर्ण होईपर्यंत मात्र उठल्या नाहीत.

निकाल पेपरात छापून आला. मी वाचनालय लवकर उघडलं, दार आतून लावून घेतलं आणि त्यांचा नंबर शोधला. तो नव्हता.

जूनमध्ये त्यांच्या जागी दुसरे गुरुजी आले. बाई जळगाव जामोदकडे कुठे बहिणीकडे गेल्या, शेतात मजुरीला जातात, असं कानावर आलं. खरंखोटं माहीत नाही. मी त्यांना माफीचं पत्र लिहिलं होतं, त्यात एकही 'कृपया' नव्हतं. पत्ता त्यांच्या शाळेत मिळाला असता. पण मी त्यांचा पत्ता विचारायला गेलो, हे दुसऱ्या दिवशी वहीत आलं असतं. म्हणून मी गेलो नाही.