आमच्या इमारतीतला बोर्डवाला

"थांबा काकू, दोघं बोलतायत."

हे म्हणताना तो बोट वर करायचा आणि चेहरा असा करायचा, जणू आतल्या खोलीत मोठी माणसं लग्न ठरवायला बसली आहेत. आत माणूस कुणी नसायचा. एक कॉम्प्युटर, दोन फोन आणि एक चपटा डबा. तो डबा फोनच्या तारेतून किंचाळायचा, पलीकडून दुसऱ्या कुणाच्या घरचा डबा किंचाळायचा, मग दोघे गप्प व्हायचे. त्याच्या मते, ओळख पटली म्हणून गप्प झाले. मी हातात डबा घेऊन दारात उभी. माझा डबा आमटीभाताचा होता आणि तो निवत होता.

मी दुबईजवळ अजमानला खाणावळ चालवायचे. यजमान बंदरावर फिटर. आमच्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटात हा राहायचा. बायको आणि दोन मुली नाशिकला. जबल अलीला एका माल आणणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. घरी आला की बनियनवर बसून स्वतःचा बोर्ड सांभाळायचा. बोर्ड म्हणजे फळा नव्हे. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता ते त्याच्या फोनवर फोन लावायचे आणि एकमेकांसाठी निरोप ठेवून जायचे. कुणाला टीव्ही विकायचा आहे, कुणाला स्वयंपाकाला बाई हवी आहे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या जिन्यात हे सगळं फुकट कळायचं.

मग इंटरनेट आलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. बोर्डावरच्या प्रत्येकाला जगातून कुठूनही मेल यायला हवी. त्याने मला हे इतक्या वेळा समजावलं की मी चौथी शिकलेली बाई आजही सांगू शकते. कंपनीत मेलची मोठी मशीन होती. बाहेरची सगळी टपाल तिथे यायची. हा त्या मशीनला शिकवणार होता की अमक्या नावाची टपाल कंपनीची नव्हे, ती बाजूला ठेव. मग त्याच्या घरची मशीन दर दोन-तीन तासांनी फोन करून ती उचलून आणणार आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकणार. शिकवायला त्याला दोन महिने लागले. आधी सगळी टपाल एकाच खणात पडायची, मग कुणाच्याच खणात पडेना. जेवताना बोटाने ताटात रेघा ओढायचा. "इथून आली काकू, इथे अडली." मी म्हणायचे, "भात अडलाय, आधी तो गीळ."

कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, लेबनानी होता. त्याने हसून परवानगी दिली होती. "यल्ला, कर. पण माझं काम अडलं तर तू खलास." हे त्याने मला फुशारकीने सांगितलं. पहिलंच वाक्य त्याने ऐकलं होतं, दुसरं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून त्याला काय मिळत होतं? काही नाही. फुकट. लोकांनी "वा वा" म्हटलेलं त्याला आवडायचं. साधाभोळा वगैरे नव्हता तो. बढाईखोर होता. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला धरून बोर्डाबद्दल सांगायचा.

माझी मुलगी कॅनडात होती. फोन परवडायचा नाही. मिनिटाचे दिरहॅम रुपयांत केले की यजमान फोन खाली ठेवायला सांगायचे. याने माझ्या नावाचा खण उघडला. घरी कॉम्प्युटर नसलेल्या बाईचा खण! मुलगी इंग्रजी अक्षरात मराठी लिहायची. हा कागदावर छापायचा, छापलेली बाजू आत घालून घडी करायचा आणि मान दुसरीकडे वळवून माझ्या हातात द्यायचा.

"वाच की मेल्या. मला कुठे इंग्रजी अक्षर लागतंय?"

"तुम्ही सांगताय म्हणून वाचतो हं काकू. एरवी दुसऱ्याची टपाल मी वाचत नाही."

दर वेळी. मुलगी बाळंत झाल्याचं वाचतानाही आधी हे वाक्य. माझा जीव टांगणीला आणि याची नियमावली.

त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोमुलींचे कागद होत आले होते. पगार वाढून फॅमिली व्हिसाला पुरेसा झाला होता. मोठीला शाळेत जागा मिळाली होती. आतली खोली मुलींसाठी म्हणून त्याने कॉम्प्युटर बाहेर आणला, भिंतीला गुलाबी रंग दिला आणि मला विचारलं, "काकू, जास्त गुलाबी झाला का?" झाला होता. मी सांगितलं तसं.

आणि मग आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना देवी पावली.

हे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे, मोठ्या कंपनीत हिशेब बघणारे. गणपतीत आरतीला पहिला मान यांचा. पूर्वी पोस्टकार्डं यायची, तुम्हालाही आली असतील. ही देवीची कृपा एकवीस जणांना लिहून पाठवा, न पाठवल्यास घरात अमंगळ घडेल. अध्यक्षांना त्यांच्या भावाकडून तेच मेलवर आलं, सोबत देवीचं मोठं रंगीत चित्र. बोर्डवाल्याने लोकांच्या सोयीसाठी एक पत्ता केला होता, त्यावर पाठवलं की सगळ्यांना जायचं. अध्यक्षांनी ऑफिसातून त्या पत्त्यावर देवी सोडली. एका फटक्यात एकवीसच्या किती पट पुण्य!

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आपली माणसं. पत्र आलं की पोचल्याचं कळवायचं, नाही कळवलं तर उद्धटपणा. एकेकाने कळवलं, "पोचलं. जय माता दी." आणि कळवलं ते सगळ्यांना, खाली देवीचं चित्र तसंच चिकटलेलं. ते वाचून उरलेल्यांनी कळवलं. मग ज्यांच्या घरी अमंगळाची भीती होती त्यांनी मूळ पत्र पुन्हा नव्याने सगळ्यांना पाठवलं. पुन्हा पोचलं, पोचलं. एवढ्या देव्या त्या कंपनीच्या मशीनमध्ये रांगेत उभ्या राहिल्या आणि मशीन बसली.

त्या रांगेच्या मागे कंपनीच्या जहाजाचे कागद अडकले होते. कांदा आला होता. कागद नाहीत म्हणून कंटेनर जबल अलीच्या बंदरावर उभे. जूनचं ऊन. कांद्याचं काय झालं असेल ते बायकांना सांगायला नको.

मुदीरने त्याला बोलावलं. मुदीर वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. तो म्हणाला, वर मालकाला नाव द्यावं लागेल. हे बाहेरच्या कुणी केलं, तो माणूस येऊन माफी मागतो, एवढं दाखवलं तर तुझी नोकरी राहील. कोणी सुरू केलं ते सांग.

आणि हा गाढव म्हणाला, "कोणाची टपाल होती ते मी सांगत नाही."

हे त्याने मला जेवताना सांगितलं. मी वाढायची थांबले. "अरे, सबंध इमारतीला माहीत आहे! पत्रावर नाव होतं त्यांचं!"

"इमारतीला माहीत असू दे. पोस्टमनने सांगायचं नसतं, काकू. आणि तो पत्ता मीच सगळ्यांना उघडा ठेवला होता. दार माझं होतं."

"पोस्टमनला बायकापोरं असतात की नाही?"

त्या दिवशी त्याने ताटात रेघाही ओढल्या नाहीत.

मी हात धुतला आणि तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. अध्यक्ष लुंगीवर पेपर वाचत होते. वहिनी चहा ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, चहा नको, तुमचे यजमान हवेत. उद्या सकाळी माझ्या यजमानांबरोबर जबल अलीला जायचं आणि त्या मुदीरला सांगायचं की चूक माझी.

"ताई, ते देवाचं काम होतं. त्यात चूक कसली?"

"मग देवाचं काम म्हणून सांगा. पण सांगा."

"माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून गेलंय ते. इथे कळलं तर माझी नोकरी जाईल. दोन मुलं शाळेत आहेत माझी."

"त्याच्याही दोन आहेत."

"त्यांच्या अजून इथे आलेल्या नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. घड्याळाकडे बघून म्हणाले, संध्याकाळच्या दिव्याची वेळ झाली. वहिनींनी गॅस बंद केला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी खाली येताना प्रत्येक मजल्यावर दार वाजवलं. नुसते चार जण बरोबर चला, अध्यक्षांना घेऊन जाऊ. एक म्हणाला, आपण कशाला मध्ये पडायचं. एक म्हणाला, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. एकाच्या मुलाने आतूनच सांगितलं, "डॅड इज स्लीपिंग." डॅड त्याच्या मागे सोफ्यावर दिसत होता.

नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल. नाशिकच्या कागदांना अर्थ उरला नाही. जायला त्याला जेमतेम आठवडा मिळाला. मला वाटलं सामान विकेल, कुणाला भेटून दुसरी नोकरी बघेल. मी डबा घेऊन गेले तर हा जमिनीवर बसून डिस्केटा, त्या चौकोनी फ्लॉप्या, भरत होता. प्रत्येकाच्या खणातली टपाल वेगळी काढून एकेका डिस्केटवर. बोर्ड बंद होणार, लोकांची पत्रं जायला नकोत.

"कुणाची पत्रं? जी माणसं तुझ्यासाठी जिना उतरली नाहीत त्यांची?"

"त्यांची पत्रं आहेत काकू, माझी नाहीत."

मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. आजही वाटते.

शेवटच्या दिवशी दार उघडं ठेवून तो वाटत बसला. अख्खी इमारत आली. जबल अलीला यायला ज्यांना वेळ नव्हता ते सगळे आले. "आता आमची मेल कशी येणार हो?" असं विचारत आले. तू आता काय करणार, असं एकानेही विचारलं नाही. अध्यक्षही आले. "दोन कॉपी मिळतील का? एक घरी, एक ऑफिसला." याने दोन दिल्या. वर सांगितलं, "गाडीत ठेवू नका, उन्हाने खराब होते."

टॅक्सी खाली आली तेव्हा रांग संपलेली नव्हती. त्याने उरलेलं खोकं माझ्या हातात दिलं. नावं वर लिहिली आहेत काकू, जो येईल त्याला द्या. यजमानांनी त्याची बॅग उचलली. लिफ्टचं दार लागलं. रांगेतला एकही माणूस त्याच्याबरोबर खाली गेला नाही, आपला नंबर जाईल म्हणून.

सगळे माझ्याकडे वळले. पुढच्याने हात पुढे केला आणि विचारलं, "काकू, संपल्या का?"

खोक्यात पुष्कळ होत्या.

"खलास," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.