कोचने जावं, असा ठराव

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं की बाबा आता मॅच का बघत नाही. स्टेडियम तुमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे. वर्गातली निम्मी मुलं टीमचा शर्ट घालून शाळेत येतात. आणि ज्या माणसाने तिला चालता येण्याआधी तो शर्ट घातला होता, तो टीव्हीवर मॅच लागली की गॅरेज आवरायला जातो. मी म्हटलं, कामाचा ताण असेल. ते खोटं होतं. खरं उत्तर मला माहीत आहे आणि ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्हा दोघा नातवंडांना मी मराठी वाचायला शिकवलं, ते निदान एवढ्यासाठी उपयोगी पडेल.

नेपरव्हिलचं घर तुम्हाला आठवत असेल. तळघरात तपकिरी सोफा होता आणि भिंतभर टीव्ही. कॅनडातल्या तुमच्या जन्मगावी कधी ना कधी नोकरी केलेली आणि मग शिकागोच्या आसपास येऊन स्थिरावलेली सहा-सात मराठी कुटुंबं मॅचच्या दिवशी त्या तळघरात जमत. नेपरव्हिलमध्ये कॅनडाच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलला कुणी विचारत नाही. शेजारचे गृहस्थ तर हसायचेच. या मंडळींनी मात्र कॅनडातल्या उणे तीस थंडीत, नवीन देशात, दुसरं काहीच आपलं नसताना ती टीम आपली म्हटली होती. ती सुटली नाही. तिकडे दहा यार्ड पुढे जायला इथल्या चारऐवजी तीनच प्रयत्न मिळतात, तिसऱ्याला धोका पत्करायचा की चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकायचा, हे सगळं तुम्हाला कुणी न सांगता कळतं. मला ते बासष्टाव्या वर्षी, चहाचे कप गोळा करता करता शिकावं लागलं.

त्या वर्षी टीम हरत होती. आणि त्याच वर्षी तुमच्या बाबाची नोकरी जात होती. पहिली गोष्ट तळघरातल्या सगळ्यांना माहीत होती. दुसरी फक्त त्याला आणि तुमच्या आईला. मला नव्हती.

तो तेव्हा आठ माणसांच्या गटाचा मुख्य होता. त्यांचं एक मोठं काम वर्षभर रखडलं होतं. त्यातली दोन चांगली माणसं वरच्यांनी काढून दुसरीकडे दिली होती आणि मग याला बोलावून सांगितलं होतं की डिसेंबरपर्यंत काम उभं राहिलं नाही तर तुझा विचार करावा लागेल. तुम्हा सगळ्यांचा इथला मुक्काम व्हिसामुळे त्याच्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मला दिसायला हवं होतं. घरात कुठला टॉवेल कधी धुतला हे मला तोंडपाठ असायचं. पण मुलगा स्टेशनवरून आल्यावर गाडी बंद करून पंधरा-पंधरा मिनिटं आतच बसतो, याचा अर्थ मी लावला नाही. मला वाटलं, रेडिओ ऐकतो.

तळघरात सगळ्यात मोठा आवाज नागपूरच्या काकांचा. ते स्वतः आयुष्यात कुठलाही खेळ खेळले नव्हते, पण कोचने काय करायला हवं होतं हे त्यांना दर वेळी माहीत असायचं, अर्थात खेळ झाल्यावर. पुण्याच्या मावशी कमी बोलायच्या. खेळ खरा कळायचा तो त्यांना. बाकीचे या दोघांपैकी ज्याचा आवाज चढा असेल त्याच्या बाजूने.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी टीम सलग पाचवी मॅच हरली. शेवटच्या काही मिनिटांत एकच यार्ड हवा होता, तिसरा प्रयत्न होता, आणि कोचने चेंडू उडवून देऊन टाकला. काकांनी हातातला चिवडा बशीत परत टाकला.

"अबे, एका यार्डासाठी भितो हा माणूस. तीन वर्षं झाली याला. अजून किती चान्स द्यायचे?"

तुमचा बाबा म्हणाला, पुढची निम्मी फळी जखमी आहे, चेंडू फेकणारा चांगला क्वार्टरबॅक वरच्यांनी दुसऱ्या टीमला देऊन टाकला, मग एक यार्ड कुणाच्या जिवावर मिळवायचा त्याने. मावशी म्हणाल्या, माणसं सगळ्यांचीच जखमी होतात. बाबा म्हणाला, हो, पण निवड त्याची नाही आणि नाव मात्र त्याचं. तो हे जरा जास्तच जोरात बोलला.

"यार, तू त्याचा वकील आहेस का जावई?" काकांनी विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले.

मग मी बोलले, आणि तिथेच चूक झाली. मी म्हटलं, आमच्या शाळेचा निकाल घसरला की जाब वर्गाला नाही, मुख्याध्यापकांना विचारायचे. काकांना ते फारच आवडलं. काकू बरोबर बोलल्या, असं त्यांनी तीनदा सांगितलं. कौतुकाने मला चेव आला. मी म्हटलं, नुसता आरडाओरडा करून काय होणार, रीतसर निवेदन द्या.

हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. इथले लोक कोचवर चिडले की फोनवर दोन शिव्या लिहून मोकळे होतात. आपल्याला ठराव लागतो. मंडळाचा गणपती असो की सोसायटीची पाण्याची टाकी, सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि खाली "एकमताने संमत" लिहिल्याशिवाय आपल्याला काही झाल्यासारखं वाटत नाही. पुढच्या शनिवारी मॅचच्या आधी तासभर तळघरात खरोखरच सभा भरली. सूचक नागपूरचे काका, अनुमोदक पुण्याच्या मावशी. ठराव असा की संघाच्या हितासाठी मुख्य प्रशिक्षकांनी पद सोडावं. मजकूर इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचे.

मी तो मजकूर आठवडाभर लिहीत होते. तीन वेळा नवा कागद घेतला. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि या देशात माझ्या इंग्रजीचा उपयोग दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचण्यापलीकडे होत नव्हता. आता कुणीतरी मला लिहायला सांगितलं होतं. मुद्दे क्रमाने घातले: खेळातल्या चुका, माणसांची निवड, तीन वर्षांत न दिसलेली सुधारणा. चौथा मुद्दा मला सगळ्यात आवडला होता. मराठीत सांगायचा तर तो असा: ज्याला स्वतःच्या अपयशाची जाणीव आहे त्याने बाहेर ढकललं जाण्याची वाट पाहू नये, आपल्या हाताखालच्यांची वर्षं वाया घालवण्यापेक्षा त्याने स्वतःहून दूर व्हावं, यातच त्याची उरलीसुरली प्रतिष्ठा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो बाबाला वाचायला दिला. जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्याच त्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

"आई, एवढा शेवटचा मुद्दा काढ."

"का? इंग्रजी चुकलंय?"

"नाही. माणसाला लागतं ते."

"लागावं म्हणूनच लिहिलंय," मी म्हटलं.

त्याने कागद टेबलावर ठेवला आणि तो वर निघून गेला. तुमची आई ओट्याशी उभी होती. ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मला काही सांगू नको म्हणून त्याने तिला शपथ घातली होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर तळघरात उभं राहून वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. काकांनी चौथा मुद्दा पुन्हा वाचायला लावला आणि मी तो, वर्गात वाचायचे तसा सावकाश, पुन्हा वाचला. मग सह्या झाल्या. चौदा सह्या झाल्या आणि कागद बाबापाशी येऊन थांबला. तो म्हणाला, माझी नसली तरी चालेल. काका म्हणाले, मग एकमताने कसं लिहायचं, साहेब? घर तुझं, टीव्ही तुझा, आणि सही नाही? कुणीतरी म्हणालं, जावयाची अडचण समजून घ्या. पुन्हा हसू झालं.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी गप्प बसले असते तरी पुरे होतं. मला मात्र चार लोकांत मुलगा अडून बसलाय याची लाज वाटली. मी पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "कर रे सही. लहानपणापासून एकट्याचंच वेगळं."

त्याने सही केली.

मावशींनी कागदाचा फोटो काढून क्लबच्या पत्त्यावर पाठवला. दहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या मनापासूनच्या पाठिंब्याबद्दल आभार, असं त्यात होतं. तसं उत्तर ते सगळ्यांनाच पाठवत असणार. तो कोच त्या वर्षी गेला नाही. उलट पुढे त्याची मुदत वाढवली. त्याने आमचं निवेदन पाहिलंही नसेल.

तुमच्या बाबाने मात्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात राजीनामा दिला. डिसेंबरपर्यंत मुदत असताना, कुणी जा म्हटलेलं नसताना, दुसरी नोकरी हातात नसताना. मला तुमच्या आईने सांगितलं, त्याने नाही. मी तिला विचारलं की थोडं थांबायला काय झालं होतं याला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालतच म्हणाली:

"आई, तो चौथा मुद्दा त्याला पाठ आहे. स्वल्पविरामासकट."

मग तिने सगळं सांगितलं. आठ माणसं, काढून घेतलेली दोघं, डिसेंबर. मी म्हटलं, मला आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, हो. आणि घड्या घेऊन गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. साठ दिवसांत दुसरं काही मिळालं नाही. थोरल्याची शाळा वर्षाच्या मध्यात सुटली आणि तुम्ही सगळे पुन्हा तुमच्या जन्मगावी गेलात. मी तुमच्या आत्याकडे, माझ्या लेकीकडे, हर्नडनला आले. माझे इथले कागद आत्याच्या नावावर आहेत, फार दिवस देशाबाहेर राहिलं तर अडचण होते, असं आपण सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण चल म्हणून त्याने विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. निरोपाला तळघरातली सगळी मंडळी केक घेऊन आली. खोक्यांवर बसून त्यांनी केक खाल्ला आणि पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक कोण असावा यावर वाद घातला. काकांनी बाबाच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, लकी आहेस यार, आता स्टेडियममध्ये बसून बघशील. त्यांना माहीत नव्हतं, असं मी म्हणते. माहीत नसणं हे तसं फार सोयीचं असतं. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते. बाबाचं ते रखडलेलं काम जानेवारीत उभं राहिलं, त्यानेच आखलेल्या पद्धतीने, दुसऱ्याच्या नावावर. हे त्याच्या गटातल्या एकाने त्याला कळवलं. चांगल्या मनानेच कळवलं असेल.

त्या एवढ्या निवेदनाने जगात एकाच माणसाची नोकरी गेली, आणि त्यावर त्याचीच सही होती. पेन मी दिलं होतं.

मागच्या दिवाळीत मी त्याला फोन केला. बोलायचं कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे रडायला येणार नाही. मी म्हटलं, तो मुद्दा मी लिहायला नको होता, तू सांगितलंस तेव्हा काढायला हवा होता. तुमच्या घरात भांडी घासायचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"मुद्दा बरोबर होता, आई," तो म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला ते खरंच तसं वाटतं. मी लिहिलं म्हणून वाटतं. लहानपणापासून त्याच्या प्रत्येक निबंधावर मी लाल पेनने जे लिहिलं ते त्याने बरोबर मानलं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. नंतर त्याने विचारलं, आत्याकडे हीटर दुरुस्त झाला का. मी हो म्हटलं.

तर धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. बाबाला फुटबॉलचा कंटाळा आलेला नाही. हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लपवा असं मी सांगणार नाही, लपवण्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. मॅचला जायचं असेल तर मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर जा. त्याला चल म्हणून आग्रह करू नका. आणि टीम हरली तर घरी आल्यावर, तो टेबलाशी बसलेला असताना, कोचने काय करायला हवं होतं ते बोलू नका. त्याने विचारलं तर फक्त स्कोअर सांगा आणि जेवायला बसा.